परकारचाचांचं नाक

कुवेतमध्ये महबूल्याच्या त्या इमारतीत राहायला गेलो तेव्हा पहिल्याच सकाळी माझी खात्री झाली की बाथरूमचा पाइप फुटलाय. भिंतीपलीकडून 'सुर्रर्रक्' असा जोरदार आवाज आला, मग थोडी शांतता, मग 'थू'. परत सुर्रर्रक्, परत थू. हा प्रकार बराच वेळ चालला. शेवटी मी हारिसला बोलावलं. हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार. वॉचमन, प्लंबर आणि भांडणातला पंच अशी तिन्ही कामं एकटा उरकणारा इजिप्शियन माणूस. त्याने भिंतीला कान लावला, हसला, "शाय" म्हणाला आणि निघून गेला. शाय म्हणजे चहा, एवढं अरबी मला येत होतं. चहाने भिंतीपलीकडे एवढा गोंधळ का घालावा, हे मात्र कळेना.

संध्याकाळी लिफ्टमध्ये उलगडा झाला. दार उघडल्यावर आधी एक नाक आत आलं आणि मागून त्या नाकाचे मालक. उंच, काटकुळे, कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. लिफ्ट सुरू व्हायच्या आत त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि मला म्हणाले,

"स्पिरिट. दवाखान्यात काम करता. सकाळची चाय दोनदा उकळलीत, आलं सालासकट टाकलंत. पुन्याच्या काय?"

बाकी सगळं बरोबर होतं. मी फिंतासच्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन आहे आणि आल्याचं साल काढण्याइतका वेळ मला सकाळी नसतो. पण पुण्याचा वास कसा येतो? मी तसं विचारलं.

"त्याचा वास नाय वो. मगाशी लिफ्टच्या दारात त्या माणसाला बोललात ना, 'जरा सरकता का, म्हणजे शक्य असेल तर'? तिथंच कळलं."

त्या दिवसापासून मी त्यांची 'पुणेकर' झाले. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

इब्राहिम परकार हे गुहागरकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. तरुणपणी मामाच्या ओळखीने निलगिरीतल्या एका चहाच्या बागेत कारकून म्हणून चिकटले. तिथल्या मॅनेजरला त्यांच्या नाकाची करामत कळली आणि कारकुनाचा चाखणारा झाला. पुढे कुवेतच्या एका चहा आयात करणाऱ्या कंपनीने त्यांना उचललं. शुवैखच्या गोदामात जगभरातून नमुने यायचे, परकारचाचा ते सुर्रकन ओढायचे, तोंडात घोळवायचे, थुंकायचे आणि हा घ्या, तो नको, असं सांगायचे. काही नमुने घरीही आणायचे. माझा फुटलेला पाइप तो हाच.

आता गंमत बघा. ही कंपनी विकायची काय, तर सपाटीवरचा काळाकुट्ट चहा. कुवेतला डब्यातलं दूध आणि वेलची घालून उकळलेला करक लागतो आणि त्याला रंग हवा. चाचांचा जीव डोंगरावर आणि पगार सपाटीवर. देश असा की पुलावर गाडी चढली की मुलांना घाट चढल्याचा आनंद होतो. अशा ठिकाणी एक माणूस सकाळ-संध्याकाळ उतार, धुकं आणि वारा यांवर बोलत राहायचा, आणि समोरच्याची सुटका नसायची.

"चायचं झाड एकच वो, पुणेकर," ते सुरू करायचे. "बी तेच, पान तेच. खाली लावलंत तर ऊन खाऊन भराभर वाढतं. पान मोठं, रंग काळा, उकळा किती पन. वर लावलंत तर बिचारं थंडीनं काकडतं. धुक्यात सूर्य दिसत नाय. पान यायला वेळ लागतो. तो जो वेळ लागतो ना, त्याचाच वास येतो चायला."

हे ऐकायला छान वाटतं. पण लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली असताना, हातात दुधाच्या पिशव्या आणि भाजी घेऊन ऐकायला तितकं छान वाटत नाही.

माणसांचीही त्यांनी उंचीप्रमाणे प्रतवारी लावली होती. आम्ही त्यांना पहिल्यांदा चहाला बोलावलं तेव्हा त्यांनी खिशातून स्वतःचा चमचा काढला, माझा चहा सुर्रकन ओढला आणि चौफेर बघू लागले. माझा नवरा मिलिंद शुऐब्याच्या केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीत आहे; धोका ओळखणं हा त्याचा धंदा. त्याने तत्परतेने त्यांना बेसिनपर्यंत नेलं. परत येऊन चाचा म्हणाले, "अठराशे फूट." चहाचं म्हणताहेत असं मला वाटलं. "नाय वो, तुमचं पुनं. अठराशे फुटांवरचा माल. कडक हाय, पन दुधाशिवाय घशाखाली जात नाय." मिलिंद इतका हसला की मी त्याला दुसरा कप दिला नाही. मग चाचांनी त्याचंही माप काढलं. तो नागपूरचा. "हजार फूट. उन्हात करपलेलं पान. पन साखर घातली तर चालतं." स्वतःबद्दल विचारलं तर म्हणाले, "आमी समुद्राच्या पातळीवरचे. रंगाला बघा कसे हाव. आमाला वास नाय, पन दहा लोकांना पुरतो."

ही नम्रता खोटी होती. त्यांचं नाक हेच त्यांचं घरदार होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या नाकापायी झुबेदाचाचींनी जे सोसलं ते सांगायला हवं. चाची बुटक्या, गोल, सतत कशाला तरी हसणाऱ्या. कुवेतात पापलेटाला झुबैदी म्हणतात, त्यावरून चाचा त्यांना 'अगो पापलेट' म्हणायचे आणि त्या लाटणं उगारायच्या. पण घरात कायदा चाचांचा. सकाळी नमुने चाखून होईपर्यंत फोडणी नाही, उदबत्ती नाही, अत्तर नाही आणि मासळी तर नाहीच. खाडीकाठच्या बाईला सकाळची सुकट बंद करणं म्हणजे काय, हे तिलाच विचारावं. चाची दूध-साखर-वेलची घातलेला आपला चहा स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकी उघडून, पन्नास डिग्रीच्या वाऱ्यात तोंड बाहेर काढून प्यायच्या. चाचा त्या चहाला काढा म्हणायचे.

"तुमच्या डोंगरावर मला कधी नेलंत काय?" चाची विचारायच्या. "नुसतं ऐकवताव."

"नेतो ना. रिटायर झालो की नेतो."

चाचांच्या डोंगरप्रेमाचा कळस बघायला मिळाला तो आमच्या मराठी मंडळींच्या हिवाळी सहलीत. शहराच्या उत्तरेला मुत्ला नावाची एक उंचवट्याची रांग आहे. मराठी माणसाने हे नाव बायकामुलांसमोर फार वेळा उच्चारू नये, पण कुवेतात डोंगर म्हणून दाखवायला जवळपास तेवढंच आहे. चाचा तिथे उतरले आणि त्यांच्या अंगात आलं. उतारावर उभं राहून त्यांनी आम्हा सगळ्यांना चहाची बाग समजावून द्यायचं ठरवलं. मिलिंदला झाड केलं. झाड कमरेच्या वर वाढू द्यायचं नसतं, म्हणून त्याला गुडघे वाकवून उभं केलं. मी सावलीचं झाड, हात पसरून. चाचींची ओढणी म्हणजे धुकं. ती दोन बाजूंनी दोघींनी धरून हळूहळू वर न्यायची. मंडळातली सगळी पोरं म्हणजे पूर्वेचा वारा.

"उतार कशाला पायजे? तर पानी वाहून जायला. मुळाशी पानी तुंबलं की झाड रुसतं. झाडा, रुसून दाखव." मिलिंद रुसला. त्याचे गुडघे थरथरत होते, त्यामुळे अभिनय झकास झाला. "आता ह्या बाजूला सकाळचं ऊन, त्या बाजूला दुपारचं. एकाच डोंगराच्या दोन अंगांची चाय एकसारखी नसते. आता वारा सोडा. वारा! अवो, वारा खंय गेला?"

वारा भेळ खायला गेला होता.

तेवढ्यात खरा वारा आला. क्षितिजाकडून तांबडी भिंत सरकत यावी तसं धुळीचं वादळ आलं आणि आम्ही सगळे पातेली, चटया, पोरं गोळा करत गाड्यांकडे पळालो. चाचा एकटेच उतारावर. धुळीत दिसेनासे होईपर्यंत ते दोन्ही हात वर करून ओरडत होते, "हां! आता बघा, असं येतं धुकं! अगदी असंच!" त्यांना गाडीत कोंबायला तिघे लागले. मिलिंदचे गुडघे पुढे आठवडाभर दुखत होते.

मग ती साथ आली. घराघरांत लोक आजारी पडले. बऱ्याच जणांचा वास गेला आणि महिना-दीड महिन्यात परत आला. परकारचाचांचा गेला तो आला नाही.

हे आधी कळलं चाचींना. कसं, ते त्यांनी मला त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. सकाळी नवरा-बायकोचं काहीतरी वाजलं. रागाच्या भरात चाचींनी सगळे कायदे मोडून तव्यावर सुके बोंबील टाकले. जिन्यापर्यंत वास गेला, हारिस वर येऊन बघून गेला. चाची कंबर कसून वाट बघत होत्या की आता गडी चवताळून येणार आणि मग मी त्याला एकेक वर्षाचं ऐकवणार. चाचा आले, शांतपणे खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अगो, नाश्त्याला काय केलं नायस काय आज?"

"मी तशीच खाली बसले, बाय," चाची म्हणाल्या. "मला वाटलं, भांडले असते तर बरं झालं असतं."

दोन दिवसांनी चाचा स्वतः माझ्याकडे आले. इकडचं तिकडचं बोलले आणि मग पडेल आवाजात म्हणाले, "पुणेकर, वास येतो का नाय ते रक्तात कळतं काय?" रक्तात कळत नाही, असं सांगून मी त्यांना आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथून बाहेर आले ते फणफणत. "डॉक्टर बोलतो, रोज लिंबू हुंगा, लवंग हुंगा, गुलाब हुंगा. मी काय अत्तरवाला हाय? वर बोलतो, निलगिरीचं तेल हुंगा. पुणेकर, माझी जवानी गेली निलगिरीत, आता त्याची बाटली हुंगू?"

हुंगली मात्र. रोज, न चुकता, नमाजाइतक्या निष्ठेने. मी जाता-येता बघायचे, समोर चार बाटल्या मांडून माणूस डोळे मिटून बसलेला. काही उपयोग झाला नाही. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं हे त्यांना कळू द्यायची सोय नव्हती.

जीभ शाबूत होती. तुरट, कडू, कडक एवढं कळायचं. पण कुठल्या उंचीवरचं पान, उन्हातलं की पावसातलं, हे सगळं नाकात असतं. नाक गेल्याचं गोदामात कळलं तर नोकरी जाणार, नोकरी गेली की इकामा जाणार, म्हणजे इथे राहायचा परवानाच संपला. चाचांना त्याची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी. "इकामा गेला तर गेला," ते म्हणाले. "पन परकारला वास येत नाय असं लोक बोलले, तर मग मी कोण उरलो?" 

उत्तर चाचींनी दिलं. एका सकाळी चाचा नमुन्यांच्या पुड्या समोर घेऊन नुसतेच बसलेले बघून त्यांनी हात पुढे केला. "द्या हिकडं. नाक मला पन दिलंय अल्लानं."

चाचांना हसू आलं. आयुष्यभर काढा पिणारी बाई! पण दुसरा इलाज नव्हता. चाचींनी भिजलेली पानं हुंगली आणि म्हणाल्या, "कैरी मोडल्यावानी."

"कैरी? अगो, असं नसतं सांगायचं. फुलासारखा, फळासारखा, असं..."

"मला ते ठाव नाय. कैरी. देठाकडं मोडली की येतो तसा."

चाचा सरसावून बसले. "देठाकडची? नक्की? म्हंजे हिरवट, थंड... थंडीच्या दिवसातलं पान हाय हे! वरच्या बागेतलं!"

अशी ती शाळा सुरू झाली. चाचींनी डोंगर पाहिला नव्हता. त्यांच्याकडे होतं ते सगळं गावचं: भाताची कणगी, नवं सूप, भिजलेलं गोणपाट, वाळत टाकलेलं जाळं, मशिदीत पहिल्यांदा अंथरलेली चटई. त्या एकेक वास सांगायच्या आणि चाचा त्याचा डोंगर करायचे. नवं सूप म्हणजे कोरड्या वाऱ्याचा महिना. कणगी म्हणजे पान जुनं, गोदामात पडून राहिलेलं. गोणपाट म्हणजे भर पावसातली तोड, खालच्या अंगाची. जाळं म्हणजे माल जहाजावर ओलावलाय, हात लावू नका. भिंतीपलीकडून आता सुर्रर्रक् आणि थू यांच्या जोडीला भांडणंही ऐकू यायची. "सूप म्हंजे नवं का वापरलेलं, नीट सांग!" "वापरलेलं असतं तर सूप बोलले असते काय? कोंडा बोलले असते!" मला ती भांडणं ऐकून बरं वाटायचं. घरात परत माणूस राहायला आल्याची खूण होती ती.

चाचांनी गोदामात सांगून टाकलं की वयोमानाने सकाळी घरीच नीट चाखता येतं. छोट्या अरबाबांनी, म्हणजे मालकाच्या मुलाने, मान्य केलं. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. चाचांचा रुबाब तर इतका परत आला की लिफ्टमध्ये ते पुन्हा नाक वर करून श्वास घेऊ लागले. "स्पिरिट," मला म्हणायचे. मी मान डोलवायचे. त्या दिवशी मी सुट्टीवर असले तरी.

आणि मग छोट्या अरबाबांच्या मनात आलं की आपण डोंगरावरचा उंची चहाही विकावा. चाचांनी इतकी वर्षं त्यांच्या कानीकपाळी ओरडून ठेवलेलं अखेर फळाला आलं, आणि ते नेमकं आता. निलगिरीतल्या एका बागेचा एजंट नमुने घेऊन येणार होता. एकाच मालाच्या थोड्या पेट्याही बरोबर येणार होत्या, नमुने त्यांतलेच. चाखायचं गोदामात, सगळ्यांसमोर. म्हातारे अरबाबही येणार होते. चाचांनी हो म्हटलं की मोठी ऑर्डर जाणार.

"सांगून टाका ना खरं," मी म्हणाले.

"पंचवीस वर्षं वाट बघितली ह्या चायची, पुणेकर. ती दारात आली आणि मी बोलू की मला वास येत नाय?"

चाची फक्त एवढंच म्हणाल्या, "बाय, तुझी गाडी मिळंल काय? ह्यांचा डबा त्या दिवशी घरीच ऱ्हानार हाय."

तर त्या दिवशी मी, चाची आणि त्यांचा चार पुडांचा डबा शुवैखला पोचलो. लांब पांढरं टेबल, त्यावर झाकणाच्या पांढऱ्या कपांची रांग. पांढरा एप्रन घातलेले चाचा, सुटातला एजंट, छोटे अरबाब, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत म्हातारे अरबाब. हातात तसबीहची जपमाळ, डोळे मिटलेले. ते झोपलेत असंच मला वाटलं.

चाची थेट आत शिरल्या. "अवो, डबा इसरलात," म्हणत डबा पहिल्या कपाशेजारी ठेवला. कपावर वाकून जरा श्वास घेतला. "घरात कैरी आणलीय. देठाची. बरी हाय."

चाचांनी सुर्रकन ओढलं, थुंकलं आणि हिंदीत गंभीरपणे म्हणाले, "ऊपर का बागान. ठंडी का पत्ता. बढ़िया."

चाचींना डबा ठेवायला ती जागा पसंत पडेना. त्यांनी तो उचलून दुसऱ्या कपाशेजारी ठेवला. "ही पन कैरीच." मग तिसऱ्या. मग चौथ्या. एजंटने हळूच विचारलं, मॅडम काय म्हणताहेत? "घर का सौदा बता रही है," चाचा म्हणाले. एजंट सहानुभूतीने हसला. आमच्याकडेही असंच असतं, म्हणाला.

पाचव्या कपाशी चाची थांबल्या. परत वाकल्या. "अवो, गोणपाट भिजलंय."

चाचांचा चमचा हवेत राहिला. "भिजलंय? नीट बघ."

"बघितलं. भिजलेलं आणि घाईघाईनं वाळवलेलं."

चाचांनी चहा ओढला. जिभेवर त्यांना काय कळलं असेल ते असेल, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की जीभ काही सांगत नाहीये. चाचांनी एजंटकडे बघितलं, छोट्या अरबाबांकडे बघितलं. नाव कमावण्यात गेलेली सगळी वर्षं त्या एका कपावर लावायची, आणि भरवसा कुणाचा, तर खिडकीबाहेर तोंड काढून काढा पिणाऱ्या बाईचा. त्यांनी शेवटी तिच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघताव?" चाची वैतागल्या. "गोणपाट म्हंजे गोणपाट."

"ये पहाड़ का माल नहीं," चाचा मोठ्याने म्हणाले. "नीचे का है, बारिश का. पेटी में मिलाया है."

एजंट भडकला. एकच माल आहे, एकाच बागेचा आहे, हा अपमान आहे, वगैरे. छोटे अरबाब गोंधळले. आणि त्या गडबडीत कोपऱ्यातून एक घोगरा आवाज आला.

"बीबी, सहाव्या कपात काय हाय, ता पन सांगा."

 पायघोळ दिश्दाशा घातलेला ऐंशीच्या घरातला कुवेती माणूस कोकणातली बाणकोटी बोली बोलत होता. मागाहून कळलं ते असं. म्हाताऱ्या अरबाबांचे वडील खजुराच्या धंद्यापायी मुंबईत राहायचे, यांचं लहानपण तिथलं, आणि यांना सांभाळायला होती ती बाई बाणकोटची. आईआधी तिची भाषा यांच्या कानावर पडलेली. म्हणजे पहिल्या कैरीपासून हा माणूस डोळे मिटून सगळं ऐकत होता.

"परकार," ते म्हणाले, "नाक कवा गेला?"

चाचांनी चमचा खाली ठेवला. एप्रनला हात पुसले. "दोन वरसं झाली, अरबाब." एवढंच. सांगायला डोंगर नव्हता, उतार नव्हता, वारा नव्हता. 

चाची मात्र सहाव्या कपावर वाकल्या होत्या. "गोणपाट," त्यांनी अरबाबांना सांगितलं. "आणि ह्यांना काय बोलू नका. डबा मी आणला."

म्हातारे अरबाब हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, मग मुलाला अरबीत काहीतरी म्हणाले. मुलाने पेट्या फोडायला लावल्या. वरच्या पेट्यांमध्ये कैरी निघाली आणि खालच्यांमध्ये गोणपाट. ते मोठ्या भरड पानांवरून माझ्यासारखीलाही दिसलं. एजंट म्हणाला, भरताना चूक झाली असेल. चांगल्या पेट्या ठेवून घेतल्या, बाकीच्या त्याच्याबरोबर परत गेल्या.

चाचांची नोकरी करार संपेपर्यंत राहिली. अट एक, डबा नियमित यायला हवा, आणि त्यात अरबाबांसाठी सुकट हवी. चाची गोदामात डबा पोचवणारी बाई म्हणून जायच्या आणि माल पास-नापास करून यायच्या. हळूहळू त्यांचाही रुबाब वाढला. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "आलं सालासकट टाकलंस ना, बाय?" सासू मिळाल्यासारखी मी लगेच कबुली देऊन टाकली.

आणि तो डोंगरावरचा चहा? कुवेतने तो नाकारला. रंगच नाही म्हणे. फिंतासच्या एका टपरीवाल्याने त्यात डब्यातलं दूध ओतून तो पाव तास उकळला. चाचांना ते कळलं तेव्हा मला वाटलं, आता यांना दवाखान्यात न्यावं लागतंय. पण ते हसले. "येऊन गेला ना एकदा, पुणेकर. बास."

करार संपला, सामान गेलं, चाचा-चाची गेले. भिंतीपलीकडे आता एक तरुण जोडपं राहतं आणि त्यांचा पाइप खरोखर गळतो.

काही महिन्यांनी दुपारी क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी नाक आलं, मग लोकरीच्या टोपीतले चाचा, मग त्यांच्या मागे हिरवा उतार. "पुणेकर! बघा! हे पूर्वेचं अंग. ती सावलीची झाडं. पानी कसं वाहून जातं बघा." फोन इतका हलत होता की मला मुख्यतः आकाश दिसलं. चाची शाल गुंडाळून चहाच्या झाडांमध्ये कमरेपर्यंत उभ्या होत्या आणि थंडीला शिव्या घालत होत्या. चाचा बोलतच होते. मग खालून धुकं आलं. ओढणीसारखं नाही, धुळीसारखंही नाही. सावकाश आलं आणि त्यांच्या दोघांच्या अंगावरून गेलं. आणि चाचा बोलायचे थांबले. फोन हातात आहे, मी बघतेय, हे विसरले असावेत.

"अगो," ते हळू म्हणाले, "कसा येतो वास? सांग ना."

चाचींनी डोळे मिटले. लांब श्वास घेतला, परत घेतला. मी थांबले. मला वाटलं, आता सूप येईल, कणगी येईल, काहीतरी येईल. चाची बराच वेळ शोधत होत्या.

"नाय वो," त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा ओशाळला होता. "काय सांगू? ह्याच्यावानी आपल्याकडं काय नाय."

चाचांचा चेहरा मी पाहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"बरोबर," ते म्हणाले. "तोच."